उपचार संपल्यावर आठवडा कसा लावायचा

शेवटचं रेडिएशन झालं, टाके सुकले, पोर्ट (केमोसाठी छातीत बसवलेली नळी) निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिन्यांनी या." घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. कॅन्सरच्या उपचारांच्या काळात दिवस हॉस्पिटल ठरवत होतं: केमो कधी, रक्त कधी द्यायचं, ड्रेसिंग कधी. ते वेळापत्रक एका दिवसात संपतं आणि त्या रिकाम्या जागेत जुनं सगळं घुसायला बघतं. ऑफिस, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा, सोसायटीची सभा, राहून गेलेली लग्नं.

ही जागा कशाने भरायची हे ठरवण्याची एक रीत इथे दिली आहे. उपचार पूर्ण झालेल्यांसाठी ती आहे, पण आजार पूर्ण न जाता औषधावर आटोक्यात असेल तरी बहुतेक भाग तसाच लागू होतो, फक्त तपासण्यांच्या तारखा वेगळ्या पडतात.

कॅन्सरनंतर "आता मनासारखं जग" असं सगळे म्हणतात आणि माणूस वही घेऊन इच्छांची यादी करायला बसतो. लडाख, कथक, पेटी शिकणं. इच्छा चांगल्याच असतात, पण सुरुवात चुकीच्या टोकाने होते. सध्या तुटवडा आहे तो शक्तीचा. म्हणून आधी शक्ती मोजायची, मग वजाबाकी करायची आणि उरलेल्यात निवडायचं. क्रम उलटा केला की दोन आठवड्यांत यादी कपाटात जाते आणि वर अपराधीपणा येतो.

आधी एक पान भरून घ्या

डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा म्हणजे उपचारांचा सारांश नव्हे. प्रत्येक कार्डावर त्या त्या वेळचंच लिहिलेलं असतं. तुम्हाला एकाच पानावर हे सगळं हवं: निदान आणि स्टेज, ऑपरेशनची तारीख व काय काढलं, केमोच्या औषधांची नावं आणि एकूण डोस, रेडिएशन कुठल्या भागाला व किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), सध्या चालू असलेल्या गोळ्या आणि त्या कधीपर्यंत घ्यायच्या, पुढच्या तपासण्या.

एकूण डोस कशाला? डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा हृदयावर होणारा परिणाम आजवर मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. सिस्प्लॅटिन दिलं असेल तर पुढे किडनी आणि कान यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. दहा वर्षांनी ऐरोलीतल्या एखाद्या फिजिशियनकडे धाप लागते म्हणून गेलात, तर त्याला हेच पान उपयोगी पडेल. रेडिएशनची जागाही याचसाठी लिहायची, कारण त्याच जागी पुन्हा रेडिएशन देताना आधीचे ग्रे हिशेबात धरावे लागतात.

ओपीडीत डॉक्टरांना बसून लिहायला वेळ नसतो. पान तुम्हीच भरून न्या, माहीत नसलेल्या जागा कोऱ्या ठेवा आणि "एवढं तपासून सही कराल का?" असं विचारा. असं नेलं की काम सहसा दोन मिनिटांत होतं. बायोप्सीच्या रिपोर्टवरचा ब्लॉक नंबरही (मेणात जपलेल्या तुकड्याचा क्रमांक) टिपून ठेवा. पुढे दुसरं मत घ्यायचं झालं तर स्लाइड आणि ब्लॉक मागवताना तोच विचारतात.

रिपोर्टचे फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नाव देताना तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं केलं की रिपोर्ट आपोआप क्रमाने लागतात. "सीटी नवीन", "सीटी एकदम नवीन" अशी नावं दिलेला फोन डॉक्टरांसमोर धरून चाळत बसणं अवघड जातं.

तपासणीच्या तारखा कॅलेंडरवर पहिल्या

बाकी सगळं या तारखांच्या भोवती बसवायचं. साधारण चित्र असं असतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, पुढची दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा आणि मॅमोग्राफी दरवर्षी. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी २ ते ६, पाचव्या वर्षापर्यंत ४ ते ८ महिन्यांनी. मानेला रेडिएशन असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, कारण थायरॉइड हळूहळू मंदावतं आणि तो थकवा लोक "अशक्तपणा" म्हणून वर्षभर अंगावर काढतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर सीईए या ट्यूमर मार्करची (कॅन्सरचा माग दाखवणाऱ्या घटकाची) रक्ततपासणी पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहामाही, आणि ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असेल तर तेच पाळा.

मनाची खात्री म्हणून स्वतःहून पेट स्कॅन (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) करून घेण्याचा मोह टाळा. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही लक्षण नसताना नियमित पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर करायची शिफारस नाही. एखादा बारीक ठिपका दिसतो, तो काय आहे हे शोधण्यात महिना जातो आणि बहुतेक वेळा तो काहीच नसतो.

आता प्रवास, ठाणे-नवी मुंबईकरांसाठी. टाटा हॉस्पिटल परळला, तर त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला. ठाण्याहून परळला जाताना ठाण्यातूनच सुटणारी धीमी लोकल पकडली तर बसायला जागा मिळते. धीम्या गाड्या परळ स्टेशनला थांबतात, त्यामुळे दादरचा पूल चढायची गरज नाही. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येतं, हे अजून अनेकांना ठाऊक नाही. तिकीट लागतंच, आणि हॉस्पिटलचं कार्ड व फाइल हाताशी ठेवा, कारण केस परत आलेला, टवटवीत दिसणारा माणूस त्या डब्यात चढला की कुणीतरी विचारतंच. खारघरसाठी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी. वाशीची गाडी चुकून पकडलीत तर उतरून बदलावी लागेल.

तपासणीचा दिवस म्हणजे पूर्ण दिवस. त्या दिवशी संध्याकाळी पाहुणे नकोत, मुलांच्या शाळेची पालकसभा नको. तपासणीच्या आधीचा आठवडाही हलकाच ठेवा. झोप उडते, चिडचिड होते, जरा खोकला आला तरी छातीत धस्स होतं. हे जवळपास सगळ्यांना होतं, म्हणून पैशाचे आणि नात्यांचे निर्णय त्या आठवड्यात घ्यायचेच नाहीत, असा घरात नियम करा.

दोन आठवडे शक्तीची वही

शाळेची शंभरपानी वही पुरते. एका पानावर एक दिवस. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि झोपताना, अशा चार वेळी ० ते १० मध्ये अंगात किती जोर आहे तो आकडा लिहा. ० म्हणजे अंथरुणातून उठवत नाही, १० म्हणजे आजारपणापूर्वीचा चांगला दिवस. आकड्याशेजारी त्याआधीच्या काही तासांत काय केलं ते तीन-चार शब्दांत: "जांभळी नाका, भाजी, चालत", "बँकेत रांग", "मावशींचा फोन, ४० मिनिटं".

फोन, भेटी, वाद हेही लिहायचे. लोक फक्त अंगमेहनत लिहितात आणि मग दुपारचा आकडा एकदम ३ वर का आला हे कळत नाही. पोळ्या करून एक उतरतो, पण एखाद्या नातेवाइकाशी अर्धा तास बोलून तीन उतरतात, असं वहीत दिसतं तेव्हा निवडीचा पहिला धडा मिळतो.

दुसरी चूक म्हणजे रात्री झोपताना आठवून चारही आकडे भरणं. रात्री सगळा दिवस थकलेलाच वाटतो. केमोनंतर काही महिने अनेकांना लक्षात राहणं, शब्द सापडणं जरा जड जातं, त्यामुळे आठवणीवर विसंबू नका. फोनला चार गजर लावा.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. एखाद्या दिवशी आकडा ८ येतो, माणूस हुरळतो, माळा आवरायला काढतो, पंखे पुसतो, आणि पुढचे दोन दिवस आकडा २. मग "मला काहीच जमत नाही" असं वाटू लागतं. यावर उपाय एकच: ८ आकड्याच्या दिवशीही ६ च्या दिवसाएवढंच काम. उरलेला जोर उद्यासाठी ठेवायचा.

दोन आठवड्यांनी वही चाळा. दिवसातली चांगली वेळ कुठली ते दिसेल, बहुतेकांची सकाळी नऊ ते बारा असते. आकडे सतत ४ च्या खाली असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, दुखणं, चालू गोळ्यांचे परिणाम, उदासी, यांतलं बरंच काही उपचाराने सुधारतं. "केमो झाली की असं होणारच" म्हणून गप्प बसू नका. थकवा उपचारांनंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त राहू शकतो हे खरं, पण आधी बाकीची कारणं तपासून बाजूला काढायला हवीत.

वजाबाकी

आता एका कागदावर तीन रकाने. पहिल्यात माझ्यावाचून अडतं ते. दुसऱ्यात मला मनापासून हवं ते. तिसऱ्यात सवयीने किंवा लाजेखातर करत आलेलं. घरातली, ऑफिसमधली, सोसायटीतली, नात्यातली सगळी कामं यांत टाका. पहिला रकाना भरमसाट फुगतो. मग प्रत्येक कामापुढे लिहा: उपचार चालू होते तेव्हा हे कोण करत होतं? डबे कोण भरायचं, लाइटबिल कोण भरायचं, आईंच्या गोळ्या कोण आणायचं? त्या सहा-आठ महिन्यांत ज्याचं काहीच अडलं नाही, ते काम पहिल्या रकान्यातून खोडायचं. ही पायरी दुखते. आपल्यावाचून चाललं, हे कागदावर दिसणं कुणालाच आवडत नाही. पण त्यातूनच जागा मिळते.

तिसऱ्या रकान्यातलं निम्मं बंद. पूर्ण नाही, निम्मंच. दर संकष्टीला पंधरा जणांचं जेवण असेल तर ते यंदा नाही. दिवाळीचा फराळ असेल तर एकच जिन्नस घरी करायचा, ज्याची तुम्हाला खरंच हौस आहे तो, बाकीचं विकतचं. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडता येतं आणि ते घ्यायला कुणी पुढे आलं नाही तरी ती तुमची अडचण नाही.

मग दुसऱ्या रकान्यातून तीन गोष्टी निवडा. तीनच, आणि फक्त पुढच्या तपासणीपर्यंतच्या. वर्षाचं नियोजन सध्या करू नका. तपासणीपलीकडचं ठरवताना मनात "पण तेव्हा मी..." असं सुरू होतं आणि हात थांबतो. तीन महिन्यांवरचं मात्र धीर करून ठरवता येतं.

निवड करताना प्रत्येक गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारा: हे या तीन महिन्यांत झालं नाही तर मला चुटपुट लागेल का? मला, इतरांना नव्हे. "मुलीचं लग्न लवकर उरकायचं" हे पहिल्या तीनांत हमखास येतं. बऱ्याचदा ती भीती असते, इच्छा नव्हे. ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

निवडलेली गोष्ट अशी लिहा की झाली की नाही ते शेजाऱ्यालाही सांगता येईल. "तब्येतीकडे लक्ष" हे निरुपयोगी. "सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी पावणेसातला कचराळी तलावावर २० मिनिटं" हे चालेल. "गाणं पुन्हा सुरू" नको. "गुरुवारी अकरा ते बारा तानपुऱ्यावर सा" असं लिहा. "नातवासाठी वेळ" नको. "शनिवारी दुपारी त्याला गोष्ट वाचून दाखवणं" असं लिहा. आणि ही कामं वहीतल्या चांगल्या वेळेत बसवा. उरलेल्या वेळेत गाणं बसवलं तर ते कधीच होत नाही, कारण रात्री नऊनंतर उरतो तो फक्त थकवा.

नोकरी सोडणं, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट विकून गावी जाणं, सोनं वाटून टाकणं, जोडीदारापासून वेगळं होणं, यांपैकी काही मनात असेल तर तारीख टाकून लिहा आणि सहा महिने कागद बंद ठेवा. उपचार संपल्यावरचे पहिले काही महिने मन भराभरा बदलतं. तोच विचार सहा महिन्यांनी तितकाच पक्का असेल तर पुढे जा. घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर मात्र थांबायचं कारण नाही.

शरीरासाठी राखीव वाटा

तीन गोष्टींपैकी एक चालण्याची असावी, असा आमचा आग्रह आहे. थकव्यावर उपयोगी ठरलेल्या मोजक्या उपायांत व्यायाम वरच्या क्रमांकावर आहे. पोचायचं आहे ते आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम इथपर्यंत. सुरुवात मात्र दिवसाला १० मिनिटांनी, आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत. बोलता येईल पण गाता येणार नाही, तो वेग बरोबर.

जागा सपाट निवडा. ठाण्यात कचराळी किंवा उपवन. तलावपाळी संध्याकाळी टाळा, गर्दीत धक्के लागतात. येऊरचा चढ सहा महिन्यांनी. नवी मुंबईत नेरूळचं ज्वेल, वाशीचा मिनी सीशोर, खारघरचं सेंट्रल पार्क. जून ते सप्टेंबर इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. शेवाळलेल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं तर तीन महिन्यांचं सगळं नियोजन गेलं. हाडं ठिसूळ करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपा आणि डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) कधी करायचा ते विचारून ठेवा.

पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिन या केमोच्या औषधांनंतर तळपाय बधिर राहू शकतात. अशा वेळी अनवाणी आणि स्लिपरवर चालू नका, मागून बंद असलेले बूट घाला आणि रोज रात्री तळवे बघा, कारण खडा टोचलेला कळत नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येते का ते बघत राहा: बांगडी, अंगठी, ब्लाउजची बाही घट्ट होऊ लागली की लगेच फिजिओथेरपिस्टकडे. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, वाट बघायची नाही.

तोंडाच्या कॅन्सरवाल्यांसाठी दोन गोष्टी. तुमची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांत जातात का ते दर रविवारी बघा. जात नसतील तर तोंड उघडण्याचे व्यायाम वाढवावे लागतील, आणि हे जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. दुसरी, जबड्याला रेडिएशन झालं असेल तर गल्लीतल्या दंतवैद्याकडे जाऊन दात काढून घेऊ नका. त्या हाडाची जखम सहज भरत नाही आणि हाड मरू शकतं. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू, मशेरी, गुटखा आणि नुसती सुपारीही कायमची बंद. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. सोडणं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असताना पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं, "गोळीमुळे होत असेल" म्हणून सोडायचं नाही.

माणसं

बघायला येणाऱ्यांपैकी निम्मे औषध घेऊन येतात: गव्हांकुराचा रस, गोमूत्र, कुठल्याशा बाबांची पुडी, "साखर बंद कर, कॅन्सर उपाशी मरतो". वाद घालण्यात शक्ती घालवू नका. एक वाक्य पाठ करून ठेवा: "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं मी कबूल केलंय." त्यात त्यांचाही मान राहतो आणि हे खरंही आहे, कारण काही काढे आणि गोळ्या एकमेकांच्या आड येतात.

"आता बरी आहेस ना?" याला खरं उत्तर लांब असतं. लिफ्टमध्ये "हो, हळूहळू" पुरतं. खरं उत्तर ऐकू शकतील अशी दोन माणसं निवडा आणि त्यांना तसं सांगूनही ठेवा: "मला सल्ला नको, अर्धा तास ऐक." बहुतेक लोकांना आपण ऐकायचं आहे की उपाय सांगायचा आहे हेच कळत नसतं.

घरात नकार देताना कारणांची लांबण लावू नका. "सासूबाई, यंदा गौरींचा स्वयंपाक माझ्याकडून होणार नाही. नैवेद्याचा वरण-भात मी करते, बाकीचं बाहेरून मागवू." काय होणार नाही आणि काय होईल, दोन्ही एका दमात. पुढे "मला अजून थकवा..." सुरू केलं की चर्चा थकव्यावर जाते आणि शेवटी पुरण तुम्हीच वाटता.

ऑफिसचं थोडक्यात. फिटनेस सर्टिफिकेटवर डॉक्टरांकडून "हलकं काम, टप्प्याटप्प्याने" असं स्पष्ट लिहून घ्या. मागणीही नेमकी करा: पहिले चार आठवडे अर्धा दिवस, पुढचे चार आठवडे दोन दिवस घरून, येण्याची वेळ अकरा. अकराची वेळ मागायचं कारण सकाळी साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून जाण्यातच दिवसाची शक्ती संपते. वही दाखवायची वेळ आली तर दाखवा, आकडे बघितले की वरिष्ठही नरमतात.

कागदपत्रांची एक दुपार

हे कंटाळवाणं आहे, म्हणून एकाच दुपारी उरकायचं. आरोग्य विम्याचं नूतनीकरण कधीही चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची मुदतवाढ मिळते, पण ती गेली की कॅन्सरचा इतिहास असताना नवी पॉलिसी घेणं फार जड जातं. कंपनी बदलायची असेल तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी. काही लपवू नका. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाली तर सोडून, माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून दावा नाकारता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर नंतरच्या तपासण्यांपैकी काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. नोंदणी सक्तीची नाही. नॉमिनी म्हणजे मालक असं समजू नका, म्हणून नॉमिनेशन असलं तरी मृत्युपत्र वेगळं करा. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको हे लिहून ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. हे सगळं लिहिणं म्हणजे अशुभ, असं घरात कुणीतरी म्हणेलच. लिहून झाल्यावर झोप बरी लागते, एवढं आम्ही सांगू शकतो.

भीती

परत येईल का, हा प्रश्न जाणार नाही. त्याला जागा ठरवून द्या: रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, वही उघडी. दिवसभरात भीती आली की एक शब्द टिपायचा आणि म्हणायचं, सहा वाजता. सहा वाजेपर्यंत निम्मे शब्द फिके पडलेले असतात. उरलेल्यांसमोर लिहा, यावर उद्या मी काय करू शकते. काहीच नसेल तर रेघ.

दुखण्याखुपण्याला एक साधा नियम: नवं लक्षण दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत गेलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करा. नवी गाठ, रक्त पडणं, धाप, फिट येणं किंवा पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, यांना दोन आठवडे नाहीत, त्याच दिवशी जायचं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. लहानपणी कॅन्सर झालेल्या आणि आता तरुण असलेल्यांसाठी इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट आहे. त्यांचे प्रश्न, म्हणजे लग्न, मूल, नोकरीच्या मुलाखतीत सांगायचं की नाही, हे पन्नाशीतल्यांपेक्षा फार वेगळे असतात.

तपासणीनंतर

रिपोर्ट चांगला आला की त्या संध्याकाळी घरात उत्साह असतो आणि माणूस एकदम चार गोष्टी कबूल करून बसतो: मामेबहिणीच्या मुलाचं केळवण, सोसायटीचा गणपती, ऑफिसचं नवं प्रोजेक्ट. म्हणून त्या दिवशी फक्त "सांगते" म्हणायचं. चौथ्या दिवशी सकाळी, वहीतल्या चांगल्या वेळेला, तीन गोष्टींचा कागद काढा. जी झाली आणि आवडली ती राहू दे. जी झालीच नाही तिच्यासमोर कारण लिहा: शक्ती कमी पडली, वेळ चुकीची होती, की मुळात हवीच नव्हती. शक्ती कमी पडली असेल तर ती निम्मी करा, वेळ चुकली असेल तर हलवा, हवीच नव्हती असं निघालं तर खोडा आणि दुसऱ्या रकान्यातली एक वर घ्या. मग पुढच्या तपासणीची तारीख कागदाच्या डोक्यावर लिहून तो फ्रिजवर लावा, आणि मामेबहिणीला फोन करा.